घेंट, ब्रुज, अँटवर्प: जुनी चर्च, मनोरे आणि संग्रहालयं कशी पाहावीत

बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्समधली कितीतरी थोर चित्रं आजही संग्रहालयांत नसून चर्चमध्ये आहेत, आणि त्या चर्चमध्ये रोजची उपासना चालू असते. म्हणून बेत आखताना आधी चर्चच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि संग्रहालयं त्यांच्या आजूबाजूला बसवावीत. रविवारी सकाळी मिस्सा असते. अँटवर्पचं कॅथेड्रल त्या दिवशी पर्यटकांना दुपारी १ नंतरच आत घेतं, बाकीच्या मोठ्या चर्चचंही साधारण तसंच आहे. म्हणजे रविवारची सकाळ संग्रहालयांची. सोमवारी उलट करावं: अँटवर्पचं प्लांटिन-मोरेटस हे छपाईचं संग्रहालय आणि घेंटचं ललितकला संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस चर्च आणि मनोऱ्यांना द्यावा. सगळीकडे सोमवारचीच सुट्टी असेल असं मात्र धरून चालू नये. घेंटचं स्टाम हे शहर-संग्रहालय बुधवारी बंद असतं.

मुक्कामाला घेंट सर्वांत सोयीचं. तिथून ब्रुज रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर, अँटवर्प तासाभरावर. गाडीच्या पाट्यांकडे लक्ष ठेवा. फ्रेंचभाषक भागात घेंटचं नाव ‘गां’ होतं, अँटवर्पचं ‘आन्व्हेर’ आणि लूव्हेन शहराचं ‘लुव्हाँ’. यातल्या शेवटच्या नावावर लोक हमखास फसतात, कारण ‘लुव्हाँ-ला-नव्ह’ हे भाषेच्या सीमेपलीकडचं वेगळंच गाव आहे. मोठी बॅग स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकावी. मनोऱ्यांचे जिने अरुंद असतात, पाठीवरची मोठी सॅक तिथे अडकते. बूट जाड तळाचे हवेत, कारण जुन्या गावातले रस्ते गोल दगडांचे आहेत आणि पावसात ते निसरडे होतात.

घेंट: एका चित्रासाठी अर्धा दिवस

सिंट-पीटर्स स्टेशनवरून १ नंबरची ट्रॅम कोरेनमार्क्टला सोडते. तिथून सेंट बाव्हो कॅथेड्रल चालत पाच-सात मिनिटांवर. इथलं व्हॅन आइक बंधूंचं वेदीचित्र, म्हणजे वेदीवर उभारलेलं अनेक फलकांचं चित्र, १४३२ साली पूर्ण झालं. चित्राचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढावं. एक प्रकार तळघरातून डिजिटल चष्मा लावून जाण्याचा, दुसरा थेट चित्रापाशी. पहिल्यांदा जाणाऱ्याने चष्म्याचा घ्यावा. कुठल्या फलकावर काय आहे हे तिथे उलगडतं, आणि चित्रासमोर उभं राहिल्यावर माहिती वाचण्यात वेळ जात नाही.

चित्र काचेमागे आहे, फार जवळ जाता येत नाही. छोटी दुर्बीण जवळ ठेवल्यास मोठा फरक पडतो. खालच्या मधल्या फलकातलं कोकरू आधी पाहा. त्याचे डोळे थेट आपल्यावर रोखलेले आहेत. सोळाव्या शतकात कोणी तरी त्यावर रंग चढवून ते साध्या मेंढरासारखं केलं होतं. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो थर उतरवला आणि मूळचा चेहरा बाहेर आला. मग खालच्या रांगेत अगदी डावीकडचा फलक पाहा: तो नक्कल आहे, मूळ फलक १९३४ मध्ये चोरीला गेला तो सापडलाच नाही. शेवटी चित्रातल्या सावल्या पाहाव्यात. प्रकाश उजवीकडून येतो, कारण हे चित्र ज्या फेइट चॅपलसाठी काढलं तिथली खिडकी त्या बाजूला होती. जीर्णोद्धाराचा तिसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला असून तो वरच्या रांगेतल्या फलकांचा आहे. तिकीट काढण्याआधी कोणते फलक जागेवर आहेत ते कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर जरूर पाहा.

गुडघे कुरकुरत असतील त्यांनी मनोरा चढायचा तो इथलाच: ९१ मीटरच्या बेलफोर्टला (घंटेच्या मनोऱ्याला) पहिल्या मजल्यापासून लिफ्ट आहे.

ब्रुज

इथल्या बेलफोर्टला ३६६ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून वेळेचं तिकीट लागतं. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर असतात, शेवटच्या टप्प्यात तर कडेला दबून वाट द्यावी लागते. मधल्या खोल्यांत थांबत चढलं की दम लागत नाही. घंटा वाजवणारा धातूचा प्रचंड पिंप वाटेतच दिसतो. नंतर अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोची मॅडोना पाहावी. चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत, पण मूर्ती तिकिटाच्या भागात आहे. तिथून समोरच्या सेंट जॉन रुग्णालयात मेमलिंगची चित्रं.

अँटवर्प

कॅथेड्रलमध्ये रुबेन्सच्या दोन भव्य चित्रांसाठी तासभर ठेवा. वेदीकडे तोंड केल्यावर डावीकडे क्रूस उभारण्याचं चित्र, उजवीकडे क्रुसावरून उतरवण्याचं. दुसऱ्याला अधिक वेळ द्या. ते बंदूकधाऱ्यांच्या संघाने करवून घेतलं, आणि त्या संघाचा रक्षक संत ख्रिस्तोफर, येशूला खांद्यावर वाहून नेणारा. म्हणून प्रत्येक फलकात कोणी ना कोणी येशूला वाहतं आहे: डावीकडे गरोदर मरिया, मधे मृतदेह उतरवणारे हात, उजवीकडे बाळाला धरलेला म्हातारा शिमोन. बाजूचे फलक दारांसारखे मिटतात, खुद्द ख्रिस्तोफर त्यांच्या मागच्या बाजूला रंगवलेला आहे. बाजूने जाऊन पाहावं लागतं, आणि बहुतेक लोक समोरूनच परततात.

जुन्या गोव्याचं बॉम जेझस पाहिलेल्यांनी इथलं सेंट चार्ल्स बोरोमेयो चर्चही पाहावं. दोन्ही जेझुइटांनी सतराव्या शतकात पूर्ण केलेली. आतल्या छतावर रुबेन्सची ३९ चित्रं होती, ती १७१८ च्या आगीत गेली. दर्शनी भिंत मात्र उभी आहे.

रुबेन्सचं राहतं घर मोठ्या दुरुस्तीसाठी २०२३ पासून बंद आहे, बाग मात्र २०२४ मध्ये पुन्हा उघडली. घराचं तिकीट विकणारं कोणी भेटलं तर घेऊ नका. तो वेळ प्लांटिन-मोरेटसला द्या: तिथे जगातली सर्वांत जुनी दोन छपाई-यंत्रं मूळच्याच छापखान्यात उभी आहेत. संध्याकाळी शहर वरून पाहायचं असेल, तर मास संग्रहालयाच्या गच्चीवर जायला तिकीट लागत नाही.