जुन्या गिटारचा रंग जुळवताना या चुका टाळा

साठच्या दशकातल्या फेंडर या अमेरिकी कंपनीच्या गिटारसारखा रंग हवा म्हणून लोक मोबाइलवरचा फोटो घेऊन रंगाच्या दुकानात जातात. दुकानदार छटा जुळवून देतो, स्प्रेही छान बसतो, पण गिटार काही तशी दिसत नाही. दोष दुकानदाराचा नसतो. फोटोत जे दिसतं ते साठ वर्षांचं म्हातारपण असतं, आणि त्याखालचा मूळ रंग मोटारीसाठी बनलेला असतो. या दोन गोष्टी ध्यानात न घेतल्यामुळे बाकीच्या बहुतेक चुका होतात.

नुसत्या नावावर विसंबणं

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात लिओ फेंडर यांनी स्वतःचे रंग घोटत बसण्याऐवजी ड्यूपॉन्ट कंपनीचे मोटारींचे रंग वापरले. ते तयार मिळत, लवकर वाळत आणि गॅरेजवाल्यांच्या दुकानातून पुन्हा आणता येत. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गिऱ्हाइकाला ५ टक्के जादा मोजून असा खास रंग मागता येई. छापील शेड कार्ड १९६० च्या सुमारास आलं.

त्यातला फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, फोम ग्रीन त्याच वर्षीच्या ब्यूकचा आणि शेल पिंक डिसोटोचा. सर्फ ग्रीन १९५७ च्या शेव्हरोलेचा, बर्गंडी मिस्ट १९५९ च्या ओल्ड्समोबिलचा. कॅडिलॅकचा वाटा सगळ्यांत मोठा: सॉनिक ब्लू १९५६ चा, तर डॅफ्नी ब्लू, डकोटा रेड, ऑलिंपिक व्हाइट आणि लेक प्लॅसिड ब्लू १९५८ चे. हीच नावं पुढे निरनिराळ्या छटांना चिकटली. म्हणून ‘सर्फ ग्रीन द्या’ एवढं सांगून भागत नाही. ड्यूपॉन्टचा जुना नंबर धरून चाला: सर्फ ग्रीन २४६१, फिएस्टा रेड २२१९-एच, लेक प्लॅसिड ब्लू २८७६-एल. मोटारींचे जुने रंग जुळवून देणारे लोक या नंबरांवरून काम करतात.

पिवळेपणाला रंग समजणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. रंगावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (थोडक्यात ‘नायट्रो’चा) पारदर्शक हात दिलेला असे आणि तो वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो. त्यामुळे ऑलिंपिक व्हाइट सायीसारखा दिसू लागतो, सॉनिक ब्लू फिकट हिरवट होतो आणि लेक प्लॅसिड ब्लू तर कधी कधी सरळ हिरव्यात जातो. मग कुणीतरी ‘दुर्मिळ हिरवी’ म्हणून ती विकायला काढतो. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, त्याच्या डोळ्यांना खरोखर हिरवंच दिसत असतं.

पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी) काढून खाली बघा, शिवाय मागच्या स्प्रिंगच्या खाचेत बघा. जिथे उजेड, धूर आणि घाम कमी पोचला तिथे मूळ छटा बरीच शाबूत असते. काही गिटारींवर वरचा पारदर्शक हात दिलाच गेला नव्हता, त्या आजही थंड, स्वच्छ रंगाच्या दिसतात. म्हणजे एकाच वर्षीच्या दोन पांढऱ्या गिटारी शेजारी ठेवल्या आणि जुळल्या नाहीत, तर एकीवर लगेच संशय घेऊ नका.

नवी गिटार मुद्दाम जुनी दाखवायची असेल तर पिवळा रंग मूळ डब्यात मिसळू नका. खालचा रंग नंबरप्रमाणे कोरा मारा आणि वरच्या क्लियरमध्ये, म्हणजे पारदर्शक लॅकरमध्ये, अगदी थोडी पिवळसर छटा घाला. डब्यात मिसळलेला पिवळा मातकट दिसतो, त्यात खोली येत नाही.

खाली सनबर्स्ट दिसला की ‘रिपेंट’ म्हणणं

फेंडरमध्ये सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद होत जाणारा रंग) मारून झालेल्या बॉडीवर पुन्हा खास रंग मारल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे टवका उडून खालून सनबर्स्ट डोकावला, तर तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. उलटंही घडलंय. ब्रिटनमध्ये ‘द शॅडोज’ बँडचे गिटारवादक हँक मार्विन यांची लाल स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचीच गिटार) गाजली, लाल गिटारींना मागणी आली आणि तिथे पोचलेल्या काही सनबर्स्ट गिटारी तिथेच लाल झाल्या. दोन्हींत खाली सनबर्स्ट, वर लाल.

त्यापेक्षा खिळ्यांची भोकं शोधा. १९६४ पर्यंतच्या बॉडीला रंगवताना आणि वाळवताना छोटे खिळे ठोकलेले असत. खिळा नंतर काढला की भोकाच्या आत कोरं लाकूड राही. भोकाच्या आतून रंग ओघळलेला दिसला, तर मात्र विक्रेत्याला चार प्रश्न विचारा.

कँडी ॲपल रेडला टचअप करणं

फेंडरचा हा लाल रंग नुसता डबा उघडून मारायचा नसतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी धातूचा थर, त्यावर पारदर्शक लाल. दर हाताला लाल गडद होत जातो, म्हणून टवक्यावर थोडा लाल टिपला की तिथे डाग उठून दिसतो. टवका तसाच राहू द्या.

गोल्डटॉपची हिरवाई घासणं

१९५२ पासूनच्या गिब्सन लेस पॉल गोल्डटॉपचा सोनेरी रंग म्हणजे लॅकरमध्ये कालवलेली ब्राँझची पूड. वरचं लॅकर झिजलं आणि हाताचा घाम पुडीतल्या तांब्यापर्यंत पोचला की हिरवा रंग धरतो. मळ समजून लोक त्यावर रबिंग कंपाउंड फिरवतात आणि उरलंसुरलं सोनंही घालवून बसतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस.

‘सगळं नायट्रोच’ मानून थिनर लावून बघणं

फिएस्टा रेड, सर्फ ग्रीन हे ड्यूपॉन्टच्या ‘ड्यूको’ प्रकारातले, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे. ऑलिंपिक व्हाइट, लेक प्लॅसिड ब्लू हे ‘ल्युसाइट’ प्रकारातले, म्हणजे ॲक्रिलिकचे. थिनर दोन्ही विरघळवतो. चाचणी होते, गिटार खराब होते आणि उत्तर मिळत नाही ते नाहीच. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जास्त कामाची आहे. अंधारात जुनं नायट्रो पिवळसर हिरवट चमकतं, नंतर मारलेला तुकडा सहसा वेगळा पडतो.

खरी नायट्रोची गिटार हाती आली, तर स्वस्तातल्या रबरी स्टँडवर ठेवू नका. रबरातली रसायनं लॅकर मऊ करतात आणि टेकल्या जागी कायमचा वण उठतो. स्टँडला सुती कापड गुंडाळा. आणि नायट्रोचा स्प्रे मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मारायलाच काढू नका. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि लॅकर दुधाळ होतं. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घालून काही प्रमाणात निभावतं, पण भर पावसात त्याचाही भरवसा नाही.