'चिल्ड्रन ऑफ मेन' कसा बघायचा
फोन लांब ठेवा, लाईट बंद करा आणि पहिल्यांदा सबटायटल्स लावूनच बघा, ब्रिटिश उच्चार पटकन कळत नाहीत. अल्फोन्सो क्वारोनचा 2006 चा पिक्चर आहे, गोष्ट 2027 च्या ब्रिटनमधली, जगात 18 वर्षं एकही मूल जन्मलेलं नाही. खरं सांगते, हिरोकडे कमी आणि त्याच्या मागे काय चाललंय तिकडे जास्त लक्ष द्या, पिंजऱ्यात कोंडलेले निर्वासित, ओस पडलेली शाळा, अर्धी गोष्ट तिथेच आहे. गाडीवर हल्ला होतो तो सीन एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा सलग चालतो, तेव्हा पॉज अजिबात करू नका. आणि शेवटी बाळाच्या रडण्याने गोळीबार थांबतो ना, तिथे आवाज वाढवा, सैनिक गपचूप वाट करून देतात, मला दरवेळी रडू येतं.