म्युनिकमध्ये नव्याने आलेल्यांनी बाहेर कुठे आणि कसे जेवावे

म्युनिकमध्ये येऊन मला सतरा वर्षे झाली. दर एप्रिल आणि ऑक्टोबरला विद्यापीठांचे सत्र सुरू होताना मराठी मुलांची नवी तुकडी येते, कंपन्यांतून बदली होऊन कुटुंबे येतात, आणि त्यांचे बस्तान बसते न बसते तोच त्यांचे आईवडील भेटीला येतात. बाहेर जेवताना या सगळ्यांना त्याच त्या जागी ठेच लागताना मी पाहत आलो आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी शाकाहाराविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक मला आजही सलते. माझी आई माळकरी आहे. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला एका जुन्या विर्ट्सहाउसमध्ये, म्हणजे पारंपरिक बव्हेरियन खाणावळीत, नेले आणि तिच्यासाठी कार्टोफेलझालाट मागवले. बटाट्याच्या पातळ, पिवळसर, कोमट चकत्या, वर बारीक चिरलेली हिरवी पात, मोहरीचा आणि व्हिनेगरचा वास. मेयोनेज नाही, अंडे नाही. यात मांस आहे का, असे मी विचारले आणि नाही असे उत्तर मिळाले. आईला तो प्रकार इतका आवडला की तिने मला कृती विचारायला सांगितली. तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितले की बटाटे गरम असतानाच त्यांवर गोमांसाचे कढण ओततात, त्यामुळे ते असे मुरतात. मी भाषांतर केले नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून आईला कळले. तिने चमचा खाली ठेवला, गळ्यातल्या माळेला हात लावला, आणि दुसरा पूर्ण दिवस ती पाण्यावर राहिली. मला एका शब्दानेही बोलली नाही.

त्या बाईंनी आम्हाला फसवले नव्हते. इथला माणूस विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, आणि त्याच्या लेखी कढण म्हणजे मांस नव्हे. म्हणून पदार्थात काय आहे एवढे विचारून थांबू नका, तो कशात शिजवला आहे हे विचारा. ‘इस्ट डास मिट फ्लाइशब्र्यूए गेमाख्ट?’ म्हणजे ‘हे मांसाच्या कढणात केले आहे का?’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करा. लाल कोबी बहुधा चरबीवर परततात, आंबवलेल्या कोबीत आणि परतलेल्या बटाट्यांत श्पेकचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे असू शकतात, आणि धिरड्याच्या पट्ट्या घातलेले साधेसे दिसणारे सूप गोमांसाच्या कढणाचेच असते. मलईच्या थरांच्या केकमध्ये अनेकदा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, असते. मेनूकार्डावरच्या बारीक अक्षरांवर विसंबू नका. युरोपीय नियमानुसार ती १४ ॲलर्जीकारक घटकांसाठी असतात आणि त्यांत दूध, अंडी, मासे असले तरी मांस नाही. त्यापेक्षा ‘वेगान’, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेले, हा शब्द शोधा, कारण तो लिहिलेला असेल तर कढण, चरबी, अंडे आणि जिलेटिन हे चारही प्रश्न एकदम मिटतात.

अंडे चालत असेल तर केझश्पेट्झ्ले, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या मऊ शेवया, पोटभरीचा पदार्थ आहे; मशरूमच्या दाट रश्शाबरोबर येणारा पावाचा गोळाही चांगला, मात्र त्यात श्पेक नसल्याची खात्री करावी. ओबात्स्डा हे मऊ चीजचे तिखटसर मिश्रण ब्रेझनबरोबर, म्हणजे वेटोळ्या खारट पावाबरोबर, खातात, पण त्यात अनेकदा थोडी बिअर घालतात, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधी सांगा. अगदी कडक शाकाहारी पाहुण्यांना मी आता मुख्य रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासे आणि गोएटेश्ट्रासे या रस्त्यांवरच्या तुर्की आणि अरबी उपाहारगृहांत नेतो, कारण फलाफल, हुमूस आणि मसुराचे सूप तिथे रोजचे आहे. अर्थात सुपाच्या बाबतीत वरचे वाक्य तिथेही विचारावेच.

आपल्या काही मंडळींचे मला मनापासून वाईट वाटते. पाच-पाच वर्षे राहूनही ती भारतीय बुफेपलीकडे जात नाहीत, आणि इथल्या खाण्यात काही राम नाही असे नव्याने आलेल्यांना ठासून सांगतात. त्यांचे ऐकू नका. या शहराने परक्याला सामावून घेणारी एक अतिशय सुंदर जागा निर्माण केली आहे, ती म्हणजे बिअरगार्टन, झाडांखाली उघड्यावर बसून खाण्यापिण्याची जागा. पूर्वी इथे बिअर फक्त थंडीत गाळता येत असे. ती उन्हाळ्यात टिकावी म्हणून मद्यनिर्माते तळघरे खणत आणि ती थंड राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडे लावत. लोक त्या सावलीत बसून पिऊ लागले तेव्हा शहरातल्या खाणावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२ साली राजा पहिला माक्सिमिलियान योसेफ याने तोडगा काढला की तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, इतर जेवण विकू नये. मग लोक घरून खाणे आणू लागले. पुढे जेवणही विकले जाऊ लागले, पण आपला डबा नेण्याची रीत आजही तशीच चालू आहे.

उघड्या लाकडी टेबलांवर घरचे खाणे खुशाल उघडा. टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर मात्र वाढपी येतो, तिथे डबा काढू नये. पेय नेहमी तिथलेच घ्यावे. बिअर नको असेल तर सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेले आपफेलशोर्ले मिळते. माझी पसंती हिर्शगार्टन या बिअरगार्टनला आहे. तिथे सुमारे ८,००० माणसे बसू शकतात आणि शेजारीच कुंपणात हरणे आहेत. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही तिथे थालीपीठ, लोणी आणि लसणाची चटणी घेऊन गेलो. समोर बसलेल्या आजीबाईंनी आपल्या मुळ्याच्या चकत्या मीठ लावून पुढे केल्या, आईने थालीपीठाचा तुकडा दिला, आणि भाषा नसतानाही दोघी तासभर बोलत होत्या.

बिअर पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ‘मास’ म्हणजे पूर्ण एक लिटर. पिऊन सायकल चालवणे हाही गुन्हा ठरू शकतो.

वाढपी गोड बोलत नाहीत म्हणून रागावू नका. खाणावळीत रिकामी जागा आपणच शोधायची, अनोळखी लोकांच्या टेबलावर ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे ‘इथे जागा रिकामी आहे का?’, असे विचारून बसायचे, पण ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेले टेबल नेहमीच्या गिऱ्हाइकांचे असते, तिथे बसू नये. टोपलीतले ब्रेझन फुकट नसतात, खाल्लेले मोजून बिलात लावतात. पाणी मागितले की विकतची बाटली येते, जरी म्युनिकच्या नळाला १८८३ पासून मांगफाल खोऱ्यातले उत्तम पाणी येत असले तरी. बिल देताना प्रत्येकाचे वेगळे मागितले तर कुणालाही गैर वाटत नाही. बक्षिसी टेबलावर ठेवू नये. बिल २७ युरो झाले असेल तर पैसे देतानाच ‘३०’ म्हणावे. रोख रक्कम जवळ असू द्या, अनेक जुन्या जागी कार्ड चालत नाही.

रविवारी दुकाने बंद असतात आणि १८०७ पासून चाललेला व्हिक्टुआलिएनमार्क्ट हा खाद्यपदार्थांचा बाजारही बंद असतो. पाहुणे शनिवारी रात्री उतरणार असतील तर दूध, भाजी आणि पाव त्याआधीच आणून ठेवा, आणि विसरलात तर मुख्य रेल्वे स्थानकातली दुकाने गाठा.