जुन्या मोटरसायकलची ऑइल गळती: सील बदलण्याआधी कारण शोधा

गॅरेजात नव्यानं शिकायला आलेल्या मुलाच्या हातात मी आधी पाना देत नाही. ब्रश आणि डिझेल देतो, इंजिन धुवायला. तेलानं माखलेल्या इंजिनाकडं बघून गळती नेमकी कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. तेल खाली ओघळतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागं सरकतं आणि साइड स्टँडवर गाडी लावली की डावीकडं जमतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, ओ-रिंगमधून सुटलेलं तेल फिन्समधून उतरून खाली मॅग्नेट (वीज बनवणारं चाक) झाकणाऱ्या कव्हरखाली थेंब धरतं. मग मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग बदललं जातं आणि गाडी चार दिवसांत परत दारात उभी राहते.

म्हणून आधी इंजिन धुवा, हवा मारून कोरडं करा, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरवून आणा. थंड इंजिनातलं दाट तेल अडून राहतं, गरम झाल्यावर पातळ होऊन सुटतं. पावडरीत उमटलेल्या ओल्या रेघेचं सर्वांत वरचं टोक म्हणजे तुमची जागा.

जागा सापडली की लगेच सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, मागवायची घाई करू नका. सील गेलं, पण का गेलं? वय हे एक कारण आहेच. साधं काळं नायट्राइल रबर वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक होतं, त्याच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेला, बारीक चिरा पडतात. पण ऑइल लेव्हलपेक्षा जास्त भरलेलं असेल किंवा ब्रीदर पाइप (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल, तर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळायला लागतं. गावाकडं बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रीदर पाइपात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं मी पाहिलं आहे. तिथं सीलला हात लावायची गरजच नव्हती. पाइप साफ केला, गळती थांबली.

पुढच्या स्प्रॉकेटमागचं (चेनच्या दातेरी चाकामागचं) सील पुन्हा पुन्हा जात असेल तर चेन बघा. ताठ चेन शाफ्टला सतत मागं ओढते, बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) येतो आणि डुलणाऱ्या शाफ्टवर कुठलंही सील टिकत नाही. गिअर शाफ्टचं सील गळत असेल तर गाडी कधी डावीकडं पडली होती का, हे गिऱ्हाइकाला विचारा. लिव्हरवर मार बसून शाफ्ट किंचित वाकलेला असतो. स्प्लेंडर, सीडी १०० यांसारख्या गाड्यांत स्प्रॉकेट, गिअर शाफ्ट आणि किकची सीलं फुल इंजिन न खोलता बदलता येतात, त्यामुळं शिकायला सुरुवात तिथूनच करा.

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते खरी विद्या तिथंच आहे. आपल्याकडं १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहाची आरएक्स १०० अजूनही लोक जिवापाड जपतात. तिच्या क्रँकच्या दोन्ही बाजूंची सीलं गेली, तरी जमिनीवर एक थेंबही दिसेल असं नाही. क्लच बाजूचं सील गेलं तर क्रँककेस गिअर ऑइल आत ओढून घेतं. सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. मॅग्नेट बाजूचं सील गेलं तर उलट बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही, प्लग पांढरट पडतो. अशी गाडी तशीच पळवली तर पिस्टन जाम होतो. ही लक्षणं पाठ नसतील तर माणूस कार्ब्युरेटरच खोलत बसतो. खात्री करायची असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून, पिस्टन बीडीसीला, म्हणजे सर्वांत खालच्या टोकाला ठेवून, ५-६ पीएसआय दाबानं हवा भरा आणि काटा काही मिनिटं स्थिर राहतो का बघा. काटा पडला तर साबणाचा फेस लावून जागा शोधा. दाब याहून वाढवू नका, चांगली सीलंही जातील.

मॅग्नेट काढायला योग्य पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरा. ठोकाठोकी केली तर प्रेस करून जोडलेल्या क्रँकची रेषा बिघडते, मग सीलचं काम बाजूलाच राहतं. क्लच बाजूला कव्हर आणि प्रायमरी गिअर उतरवावं लागतं. काही इंजिनांत सीलला खाचेत बसणारी कड असते, तिथं केस वेगळी केल्याशिवाय सील निघत नाही.

आता बसवण्याचं काम. जुनं सील काढताना पेचकसानं सीलच्या घराची (ते बसतं त्या जागेची) भिंत ओरखडू नका, शाफ्टला तर टोक लागताच कामा नये. सील निघालं की शाफ्टवर जिथं ओठ फिरत होता तिथं नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथं खाच पडली आहे, आणि नव्या सीलचा ओठ त्याच खाचेत बसला तर पुन्हा गळणार. घरात जागा असेल आणि मागं ऑइलचं भोक झाकलं जात नसेल, तर सील मिलिमीटरभर मागं-पुढं बसवा म्हणजे ओठाला ताजी जागा मिळते. बारीक गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा, उभा घासू नका.

नव्या सीलच्या ओठामागं बारीक स्प्रिंग असते, ती सहसा तेलाच्या बाजूला येते. ओठाला ग्रीस लावा, कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळतं. शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून त्यावरून सील सरकवा. बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान गोटी पाना सीलवर ठेवून हलक्या हातानं, चहूबाजूंनी सारखं दाबत बसवा. गळतीवर बाहेरून सिलिकॉन पेस्ट थापून गाडी देणाऱ्यांचं काम शिकू नका. जास्तीची पेस्ट कव्हरच्या आत सुटून ऑइल जाळीत अडकते आणि इंजिन तेलाविना राहतं.

गिऱ्हाइकाला आधीच सांगा की सील स्वस्त आहे, पैसे लागतात ते खोलण्याचे. म्हणून कव्हर उघडलंच आहे तर आतली जवळची सीलं आणि ओ-रिंगही बदलून घ्या.

जुन्या गाड्यांची कंपनीची सीलं नेहमी मिळत नाहीत. सीलवर मापं छापलेली असतात, उदाहरणार्थ २०×३२×७: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. अक्षरं पुसली असतील तर शाफ्ट आणि घर व्हर्नियरनं मोजा. माप घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात तर बहुतेक वेळा काम होतं. पैसे देण्याआधी ओठ नखानं दाबून बघा. लगेच पूर्वस्थितीला आला तर घ्या. कडक लागला किंवा वळ राहिला, तर ते सील दुकानातच म्हातारं झालेलं आहे, दुसरं मागा.