शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं झोपू देत नाही? भांडायच्या आधी हे करून बघा

उन्हाळा लागला की आपल्याकडच्या बिल्डिंगींमधे हा विषय निघतोच. पारा ४४-४५ वर गेला की अर्धी बिल्डिंग गच्चीवर गाद्या टाकते, घरात असतो तोवर कूलरच्या घरघरीत बाकीचे आवाज दबलेले असतात, पण वर उघड्यावर आलं की दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतलं कुत्रं थेट उशाशी भुंकल्यासारखं वाटतं, मग रात्री बारा वाजता ग्रुपवर मेसेज पडतो, "कोणाचं कुत्रं आहे ते, आवरा जरा", त्याला कोणी अंगठा देतं, कोणी हसणारा इमोजी टाकतं, ज्याचं कुत्रं तो वाचून गप्प, आणि सकाळी लिफ्टमधे दोघं एकमेकांकडे न बघता उभे. जळगाव काय, धुळं काय, भुसावळ काय, सगळीकडे हेच.

तर पहिले एक ठरवा भो, तुम्हाला झोप पाहिजे का त्या माणसाला खाली बघायला लावायचंय? दोन्ही एकदम जमत नाही. मी झोप पाहिजे असं धरून पुढचं लिहितोय.

सगळ्यात आधी कुत्रं नेमकं कधी भुंकतं ते टिपून ठेवा. "दिवसरात्र भुंकतं हो" या वाक्याचा कुठेच उपयोग होत नाही, ना मालकापुढे, ना कमिटीपुढे, ना पोलिसात. मोबाइलच्या नोट्समधे नाहीतर वहीत साधं लिहायचं, असं:

मंगळवार, दुपारी २.१० ते २.५०, सलग, लाइट गेली होती.
बुधवार, सकाळी ६.२०, दूधवाला जिन्यात, दोन मिनिटं.
बुधवार, रात्री ११.४०, पार्किंगमधली कुत्री सुरू झाली मग हेही.
गुरुवार, सकाळी १० वाजता दोघं कामावर गेले, १०.१५ पासून रडल्यासारखं.

आठ-दहा दिवस असं लिहिलं आणि जोडीला दोन-चार वेळा मिनिटभराचं रेकॉर्डिंग केलं (आपल्याच घरात उभं राहून, त्यांच्या दारात मोबाइल धरून नाही), की चित्र स्पष्ट होतं. बऱ्याचदा "दिवसरात्र" मधलं दिवसरात्र गळून पडतं आणि दोन-तीन ठराविक वेळा उरतात, आणि वेळ कळली की कारण कळतं.

घरचे बाहेर गेल्यावर पाच-पंधरा मिनिटांत सुरू होऊन लांबच लांब रडणं म्हणजे कुत्रं एकटं पडल्यावर घाबरतंय. कोणी जिन्यातून गेलं की भुंकून परत गप्प, तर ते राखण करतंय. दुपारी लाइट गेली की सुरू होतं, तर गरमी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः जीभ काढून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर पडते, त्यात पश्चिमेच्या बाल्कनीत बांधलेलं, वर पत्रा, पंखा बंद, मग ते काय गाणं म्हणेल का. आणि लोक आपल्या गावात हस्की आणतात, सायबेरियातल्या बर्फात गाडी ओढायला तयार केलेली जात, ते कुत्रं भुंकण्यापेक्षा लांडग्यासारखं हूऽऽ करण्यासाठीच ओळखलं जातं. बीगल तर शिकारीतलं, लांब सूर काढून माणसाला बोलवणं हेच त्याचं काम. जात बदलता येत नाही, पण कळलेली बरी. म्हातारं कुत्रं अचानक रात्री-बेरात्री भुंकायला लागलं तर ते दुखणं, कमी ऐकू येणं, कमी दिसणं असलं काही असू शकतं, त्याला ट्रेनर नाही, जनावरांचा डॉक्टर लागतो.

आता मालकाशी बोलणं, खरी मेख इथेच आहे. एक गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे, कुत्रं एकटं असताना काय करतं हे मालकाला ठाऊकच नसतं, कारण तो घरी आला की ते शेपटी हलवत गप्प होतं. म्हणून तो छातीठोकपणे सांगतो, "आमना टायगर ते भुकसच नही!" तो खोटं बोलत नसतो. अशा वेळी तुमची वही आणि ते मिनिटभराचं रेकॉर्डिंग कामाला येतं.

जायचं कधी, तर रात्री कुत्रं भुंकत असताना अजिबात नाही. तेव्हा तुम्ही तापलेले, ते झोपेतून उठलेले, आणि दारात उभं राहून केलेलं बोलणं वरचे-खालचे सगळे ऐकतात. रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी जेवणाआधी जा, एकटे किंवा घरातल्या बाईमाणसासोबत, चौघांचं शिष्टमंडळ घेऊन नाही. हिवाळा असेल आणि घरी भरीत झालेलं असेल तर डबा हातात घ्या, आपल्याकडे भरताच्या डब्याला दार लागत नाही. ग्रुपवर आधी काही टाकलेलं नसावं, हे फार महत्त्वाचं, चारचौघात बोलणी खाल्लेला माणूस मग ऐकत नाही.

बोलायचं साधारण असं: "आप्पा, एक सांगायचं होतं. तुम्ही आणि वहिनी दहाला निघता ना, त्याच्यानंतर टायगर खूप रडतो हो. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगायला आलो. माझ्या पोरीची बारावी आहे, ती त्याच खोलीत बसते." एवढंच. मग रेकॉर्डिंग ऐकवायचं आणि आपण गप्प बसायचं. "तुम्हाला सांभाळता येत नाही तर पाळता कशाला" हे वाक्य कितीही ओठावर आलं तरी गिळायचं, त्या वाक्यानंतर जगात कुठलंच कुत्रं शांत झालेलं नाही.

रिकाम्या हाताने तक्रार करण्यापेक्षा काय करता येईल तेही सुचवा. सगळ्यात स्वस्त उपाय सांगतो. आपल्या बिल्डिंगींमधे बाहेरचं दार जाळीचं असतं, दुपारी हवेसाठी आतलं लाकडी दार उघडं आणि जाळीचं लावलेलं. कुत्रं तिथेच जमिनीवर बसतं आणि जिन्यातून जाणारा प्रत्येक पाय त्याला दिसतो, दूधवाला, पेपरवाला, कुरियर, धुणंभांडीवाल्या मावशी. त्याच्या डोक्यात हिशोब असा की माणूस आला, मी भुंकलो, माणूस गेला, म्हणजे मी पळवून लावला. रोज वीस वेळा ते जिंकतंय, कशाला थांबेल? त्या जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून सनबोर्ड नाहीतर जाड कापड लावून टाकलं की दिसणं बंद, आणि हे भुंकणं पुष्कळ कमी होतं. वरून हवा येतच राहते. बाल्कनीच्या ग्रिललाही तेच, खालचे दोन-अडीच फूट हिरवी शेडनेट बांधायची, ऊनही अडतं.

दुसरं, फिरवणं. बरेच लोक कुत्र्याला खाली नेतात म्हणजे गेटपर्यंत नेतात, शी-सू झाली की वर. तेवढ्याने अंगातली रग जिरत नाही. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि रात्री रस्ता गार झाल्यावर अर्धा-पाऊण तास चालवलं पाहिजे, जळगावात मेहरूण तलावाकडे सकाळी बघा, कुत्री घेऊन येणारे दिसतील. दमलेलं कुत्रं दुपारभर झोपतं. निघताना त्याला चघळायला, शोधून खायला काहीतरी ठेवायचं, उन्हाळ्यात दही-भात डब्यात गोठवून दिला तरी अर्धा तास चाटत बसतं. एकटं राहायची सवय टप्प्याटप्प्याने लावावी लागते, आधी दोन मिनिटं बाहेर जाऊन परत, मग पाच, मग पंधरा, याला महिना-दीड महिना लागू शकतो, तेवढा वेळ तुम्हीही द्या. आणि भुंकताना "ए गप्प बस!" म्हणून ओरडू नका, ना मालकाने ना तुम्ही भिंतीपलीकडून, कुत्र्याला वाटतं हेही आपल्यासोबत भुंकू राहिले. गप्प झालं त्या क्षणी शाबासकी आणि खाऊ, भुंकत असताना काहीच नाही, असं त्याला शिकवतात. ऑनलाइन ते शिट्टीचं नाहीतर अल्ट्रासॉनिक मशीन मिळतं त्यात पैसे घालवू नका, कुत्र्याला त्याची सवय होऊन जाते आणि बिल्डिंगमधल्या बाकीच्या कुत्र्यांनाही ते ऐकू जातं, म्हणजे एकाचे तीन.

भुसावळवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे एका बिल्डिंगमधे दोन-चार घरं रेल्वेची असतातच, लोको पायलट नाइट करून सकाळी येतो आणि नऊ ते चार झोपतो, आवाजाच्या नियमाचं जास्त संरक्षण मात्र रात्रीच्या झोपेला. म्हणून ड्युटीचं चालू आठवड्याचं वेळापत्रक शेजाऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या, "भाऊ, हे चार दिवस नाइट आहे, दुपारी टायगरला आतल्या खोलीत ठेवता का". एवढं नेमकं मागितलं तर बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत.

रात्रीची भुंकाभुंकी पुष्कळदा पार्किंगमधल्या मोकाट कुत्र्यांपासून सुरू होते. त्यांना हाकलणं, दुसरीकडे सोडून येणं हा मार्ग नाही, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण हे पालिकेचं काम, तिथे बिल्डिंगच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि उरलेलं अन्न जिन्याखाली टाकणाऱ्यांना जागा आणि वेळ ठरवून द्या.

बोलून महिना झाला, दोनदा आठवण केली आणि तरी काही हललं नाही, मग कमिटी. इथे आधी बघा तुमची बिल्डिंग आहे काय, सहकारी गृहनिर्माण सोसायटी का १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यातलं अपार्टमेंट. आपल्या भागात अपार्टमेंट भरपूर, आणि कित्येक ठिकाणी तर धड काहीच नोंदलेलं नाही, बिल्डर गेला आणि मेंटेनन्स एक काका गोळा करतात. सोसायटी असेल तर सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, वहीतल्या तारखा जोडा. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्रात (अपार्टमेंट नोंदवतानाचा दस्त) आणि त्याच्या उपविधीत, म्हणजे नियमांत, काय लिहिलंय ते बघा. काहीच नसेल तर चार घरांच्या सह्यांचं साधं पत्र, पण सह्या फक्त ज्यांना खरंच त्रास आहे त्यांच्या.

कमिटीवाल्यांनी मात्र जोशात "कुत्रं पाळायला बंदी" असा ठराव करू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. भुंकणं हा कुत्र्याचा स्वभाव हे त्यात मान्य केलंय, पण मालकाने, खास करून रात्री, ते शांत राहील असा प्रयत्न करावा असंही त्यातच आहे. तुमच्या कामाचं वाक्य ते दुसरं.

आणखी एक कलम कोणी सांगत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्यातलं कलम ११. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायचं नाही, ही मालकाची क्रूरता धरलीय. आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं पण त्यात येतं. म्हणजे बाल्कनीत चोवीस तास बांधलेल्या कुत्र्याची तक्रार तुम्ही कुत्र्याच्या बाजूने करू शकता.

आवाजाचा नियम २००० सालचा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मोबाइलच्या अॅपने मोजलेला आकडा पुरावा म्हणून फार टिकत नाही, अंदाजाला ठीक. रात्री अगदीच असह्य झालं तर ११२ ला फोन करता येतो, पोलिस येऊन समज देऊन जातात, पण रोज उठून ११२ लावाल तर तुम्हीच त्रासदायक ठराल. त्यापेक्षा पोलिस स्टेशनला लेखी अर्ज बरा. त्याच्याही पुढे सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत तहसीलदार-प्रांताकडे जाता येतं. माझं विचाराल तर तिथे जाण्याआधी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज (खटला भरायच्या आधी तडजोडीसाठीचा) करा, खर्च नाही, दोघांना बोलवून समोरासमोर बसवतात, आणि बाहेरच्या माणसासमोर लोक जरा सांभाळून बोलतात.

काही महाभाग विष घालायच्या गोष्टी करतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मधे प्राण्याला मारणं, विष देणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कुत्र्यावर दगड, गरम पाणी, सुतळी बॉम्ब हे प्रकार पण नाही. हे करणारा माणूस कुत्र्यापेक्षा जास्त धोक्याचा, असं मी तरी धरतो.

हे सगळं होईपर्यंत आपल्या घरातही बघा. आवाज भिंतीतून कमी आणि डक्टमधून (बिल्डिंगमधली पाइपांची उभी पोकळी) जास्त येतो, बाथरूमची ती काचेच्या पट्ट्यांची खिडकी डक्टमधे उघडते आणि तिथून खालच्या दोन मजल्यांवरचं सगळं ऐकू येतं. झोपताना बाथरूमचं दार लावून घ्या, खालच्या फटीला रबराची पट्टी लावा, हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दोनशेत होऊन जातं. कुत्र्याच्या बाजूच्या भिंतीला कपाट सरकवा आणि पलंग पलीकडे. कूलर त्याच बाजूच्या खिडकीत बसवला तर त्याच्या घरघरीत बरंच झाकलं जातं, फक्त मे महिन्यात पाणी रात्री झोपायच्या आधी भरून ठेवा, नाहीतर तीन वाजता कोरडा कूलर बंद करायला उठावं लागतं आणि मग परत टायगर आहेच.