सुलभाताईंच्या आठवणीत कार्यक्रम करायचाय? मग आधी भाषणं कापा

४ जूनला अभिनेत्री सुलभा देशपांडे यांचा स्मृतिदिन असतो (२०१६ ला गेल्या). नाटकवाल्या पोरांचा ग्रुप असेल तर पुण्यात छोटा कार्यक्रम सहज होतो, फक्त तो दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि चार पाहुण्यांचं 'मी दोनच शब्द बोलणार' असला करू नका राव, कारण ज्या बाईंनी दादरच्या छबिलदास शाळेत शिकवता शिकवता पोरांकडून नाटकं करून घेतली, १९७१ मध्ये अरविंद देशपांड्यांसोबत आविष्कार ही नाट्यसंस्था काढली आणि चंद्रशाला म्हणून मुलांसाठी वेगळी शाखाच चालवली, त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात स्टेजवर पोरंच दिसायला हवीत ना.

हॉलचं म्हणाल तर बालगंधर्वच्या नादी लागू नका, साठ माणसं तिथे दिसतच नाहीत. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच किंवा हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह बरं, पण दोन-तीन महिने आधी विचारा. नाहीच मिळालं तर एखाद्या शाळेचा हॉल घ्या, उलट तोच जास्त शोभेल, छबिलदासची प्रायोगिक नाटकांची चळवळ शाळेच्या हॉलातच तर उभी राहिली.

पोरं कुठून आणायची? जूनमध्ये पुरुषोत्तमवाले (कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेतली पोरं) स्क्रिप्ट शोधत फिरतच असतात, त्यांना गाठा. नाव सांगून चेहरा आठवला नाही तर इंग्लिश विंग्लिशमधली सासू म्हणा, लगेच 'अरे त्या होय!' होतं.

आता सादर काय करायचं. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' नाटकातली नायिका बेणारे त्यांनी १९६७ मध्ये उभी केली, त्यामुळे तिचं शेवटचं स्वगत प्रत्येकीला हवं असणार. ते एकाच मुलीला देऊन टाकू नका, तीन-चार जणींत वाटा, आणि जुनी रेकॉर्डिंग बघून नक्कल अजिबात नको. अभिवाचन ठेवलं तर नेपथ्याचा खर्च वाचतो, पण हातात कागद आहे म्हणून तालमी बुडवल्या की समोरच्याला पहिल्या पानावरच कळतं, आणि पुण्याचं पब्लिक तोंडावर सांगतं. तिकीट नसलं तरी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी विचारा. लहान मुलांचं काही असेल तर ते सगळ्यात आधी घ्या, नाहीतर झोपतात बिचारी.

त्यांच्यासोबत काम केलेलं कुणी ज्येष्ठ मिळालं तर सोनं, पण माईक देऊन मोकळे होऊ नका. 'त्या कशा होत्या' विचारलंत तर 'थोर होत्या' एवढंच येईल, 'तालमीत चुकलं की काय म्हणायच्या' असं विचारा, मग बघा कशी गाडी सुटते. हा प्रश्न सूत्रसंचालकाने नाही, स्वगत वाचणाऱ्या मुलींपैकीच कुणीतरी विचारायचा.

हार-बुके नकोत म्हणून निमंत्रणातच लिहा. डबा फिरवणार असाल तर पैसे कशासाठी तेही लिहा, आमचं मत विचाराल तर महापालिकेच्या एखाद्या शाळेत सुट्टीतलं नाट्यशिबिर, आणि हिशोब दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर टाका.