आठ प्लगांची सिटी आणि मागचे चार : या चुका टाळा

जुनी होंडा सिटी घेऊन कोणी दारात आलं, की मी चहाच्या आधी एकच विचारतो : प्लग किती बदलले? म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकणारे स्पार्क प्लग. उत्तर ठरलेलं असतं. "चार." कधी वर ठसक्यात, "चारीच्या चारी नवे हायत काका!" मग मी बॉनेट उघडतो आणि इंजिनाच्या मागच्या फटीकडे बोट दाखवतो. तिथे आणखी चार बसलेत.

सगळ्याच सिटींचं असं नाही. व्हीटेक इंजिनाच्या सिटीला चारच प्लग असतात. मी बोलतोय ती आय-डीएसआय इंजिनाची गाडी, २००३ ते २००८ च्या दरम्यान आपल्याकडे विकली गेलेली. १४९७ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाला दोनच व्हॉल्व्ह आणि उरलेल्या जागेत दोन प्लग. म्हणजे आठ प्लग, आणि त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या आठ कॉइल. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना इनटेकच्या बाजूचा प्लग आधी पेटतो, एक्झॉस्टकडचा क्षणभर मागून. फेरे वाढले की दोन्ही एकदम. मायलेजला उत्तम. दोन प्लगचं आपल्याला नवल नाही, आकुर्डीच्या बजाजने डीटीएस-आय पल्सरला तेच दिलं होतं. पण पल्सरचा दुसरा प्लग उकिडवं बसलं की दिसतो. सिटीचे मागचे चार इंजिन आणि फायरवॉल (केबिनपुढची पत्र्याची भिंत) यांच्या मध्ये, वायपरच्या पत्र्याखाली दडलेले. हात जातो तिथे डोळा जात नाही, आणि डोळा जातो तिथे पाना जात नाही.

गेली बारा-तेरा वर्षं माझ्याकडे ही गाडी आहे. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे गाडीचं काम मी घरीच करतो, आणि गल्लीतल्या पोरांच्या गाड्यांचंही निस्तरतो. निस्तरतो हाच शब्द बरोबर, कारण करून बिघडवल्यावरच माझ्याकडे येतात.

मागचे चार सोडून देणं

ही चूक मालकाची कमी आणि गॅरेजची जास्त. पुढचे चार अर्ध्या तासात बदलून होतात. मागच्या चारांसाठी वायपरचे हात काढा, काचेखालचं काळं प्लास्टिक काढा, त्याखालचं वायपरचं सगळं लटांबर मोकळं करा. एवढं कोण करतो? आणि नाही केलं तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. इथेच खरी मेख आहे. एका सिलिंडरला दोन प्लग असल्यामुळे मागचा मेला तरी पुढचा काम ओढून नेतो. साध्या गाडीत प्लग गेला तर ती धक्के देते, मिसिंग करते म्हणजे ठोका चुकते, मालक धावत गॅरेज गाठतो. ही सोशिक गाडी काही बोलत नाही. चढावर थोडी मरगळते, पेट्रोल थोडं जास्त पिते, आणि मालक म्हणतो, "आता वय झालं तिचं."

मी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने बिलांची फाइल दिली होती, अगदी पंच करून लावलेली. त्यात दोनदा आठ-आठ प्लगांचं बिल. मला बरं वाटलं. पहिल्याच दिवाळीत वेळ मिळाला म्हणून मागची बाजू उघडली, तर कॉइलच्या दहा नंबरच्या बोल्टांवर गंज असा चढलेला की त्यांना कारखान्यातून निघाल्यापासून पाना लागलेला नव्हता हे आंधळ्यालाही कळावं. प्लग बाहेर आले. मधला इलेक्ट्रोड झिजून गोल झालेला. त्याच्या टोकाच्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, फट मोजायच्या फिलर गेजचं एक मिलिमीटरचं पान घातलं, ते खुळखुळलं. त्याला अर्ध्या मिलिमीटरचं जोडलं, तरी खुळखुळलं. जिथे १.१ हवा तिथे दीडच्या वर गेलेला गॅप! म्हणजे दोनदा आठांचे पैसे घेऊन दोनदा चारच बदलले होते. गॅरेजचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही.

म्हणून माझी सवय : काम कोणीही करो, जुने आठ प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून हातात मागा, आणि मोजा. पुढचे-मागचे वेगळे ठेवायला सांगा. देताना कां-कूं केली की समजायचं.

गरम इंजिनावर झटापट

गाडी चालवत आणायची आणि तशीच उघडायची. प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, अल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. तापल्यावर अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. अशा वेळी आटे खरवडून निघू शकतात आणि हात भाजतो तो वेगळाच. रात्री लावा, सकाळी उघडा. मला कोणी विचारलं "तासाभरात थंड होईल ना?" तर मी त्याला संध्याकाळी यायला सांगतो.

हवा न मारता प्लग काढणं

प्लग बसतो त्या विहिरीत माती, वाळलेल्या पानांचा चुरा, गंजाचे पापुद्रे साठलेले असतात. मागच्या बाजूला तर जास्तच, कारण वायपरखालच्या पन्हळीत झाडाची पानं अडकतात. प्लग निघाला की हे सगळं थेट सिलिंडरमध्ये. आधी हवा मारा, मग प्लग अर्धा फेरा सैल करा, पुन्हा हवा मारा, मगच काढा. कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडून हवा भरण्याचा पायपंप आणा. तोंडाने फुंकू नका. मी एकदा फुंकलं होतं, सगळं डोळ्यात आलं.

आधी पाना, मग बोटं

आता माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीकडे येतो. हिच्यावर मी सविस्तर बोलणार, कारण हिचा भुर्दंड मी स्वतः भरलाय.

माझा पुतण्या मेकॅनिकलला होता तेव्हाची गोष्ट. रविवार सकाळ, मी वायपरचं लटांबर उतरवून ठेवलेलं, जुने चार काढलेले, नवे चार मांडलेले. आतून हाक आली म्हणून गेलो, पोहे खाल्ले, दुसरी डिश घेतली. दुसरी घ्यायला नको होती. बाहेर आलो तर साहेबांनी मित्राचं बॅटरीवर पाना फिरवणारं मशीन आणलेलं. पुढे दोन एक्स्टेन्शन, त्याला कोनात वळणारा युनिव्हर्सल जॉइंट, त्याला गोटी, म्हणजे सॉकेट, आणि गोटीत प्लग. "काका, पाच मिनिटांत हुतंय बघा. तीन बसलं पण!"

तीन बसले ते नशिबाने. चौथा दोन फेरे गेला आणि मशीन कुरकुरलं. मी थांब म्हणेपर्यंत त्याने पुन्हा चाप ओढला. मग तो विजयी चेहऱ्याने म्हणाला, "गच्च बसला."

मी विचारलं, "किती फेरे गेला?"

हे त्याने मोजलंच नव्हतं. या प्लगच्या आट्याची लांबी एकोणीस मिलिमीटर, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, सव्वा मिलिमीटर. भागाकार करा, पंधरा फेरे येतात. प्लग सरळ लागला असेल तर हे पंधरा फेरे नुसत्या बोटांनी जातात, पाना लागतो तो शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्याला. दोन फेऱ्यांत घट्ट झालेला प्लग म्हणजे आटा चुकलेला प्लग. हे मेकॅनिकलच्या पुस्तकात नसतं असं नाही. आटा शिकवतात, पिच शिकवतात. पण हातात मशीन आलं की डोक्यातली पिच जाते.

काढला तेव्हा प्लगच्या आट्यांत अल्युमिनियमची चांदीसारखी तार गुंडाळून आली. जागेवरच टॅपने नवे आटे पाडून हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावं म्हटलं, तर फायरवॉलमुळे टॅपचा हँडल फिरेना. आणि फिरला असता तरी कीस सिलिंडरमध्ये पडला असता. शेवटी हेड उतरवलं आणि उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, नेलं. कोल्हापूरकरांना सांगायला नको, तिथे हेड म्हटलं की निम्मी गल्ली जमते. मिस्त्रींनी आटे मोठे करून आत हेलिकॉइल बसवलं, हेडचा तळही तपासला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरगं घरचं दिसतंय." बाहेरचं असतं तर मी भांडलो असतो ना! गॅस्केट, कूलंट, तेल, मजुरी धरून जो आकडा झाला त्यात आठ-आठ प्लगांचे कितीतरी संच आले असते. ते पैसे मागायला मी वहिनींकडे गेलो नाही, पण पुतण्याची मोटरसायकल महिनाभर माझ्या दारात राहिली.

माझी पद्धत साधी आहे. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा. नळीला धरून प्लग विहिरीत सोडायचा. आधी उलटा फिरवायचा, डावीकडे, हळू. आट्याचं तोंड जुळलं की बारीक टक् होतं. कानाला नाही, बोटाला कळतं. मग उजवीकडे. नळीचा फायदा असा की आटा चुकला तर नळी प्लगवर घसरते, प्लगला जबरदस्ती होतच नाही. पंधरा फेरे मोजायचे. मोजताना कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. हसा हवं तर.

नंतर गोटी आणि रॅचेट. तिथे जोर मोजणारा टॉर्क रेंच सरळ बसत नाही, म्हणून घड्याळाने जातो. प्लगचा वॉशर टेकला की ते बारा. नवा प्लग असेल तर तिथून सहा ते आठच्या मध्ये थांबायचं. तोच प्लग काढून पुन्हा लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्यामुळे बारावरून एकपर्यंत, बस. पाठीचा जोर लावायचं हे काम नाही.

आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावणारेही पुष्कळ आहेत. चकाकत्या मुलाम्याच्या प्लगांना एनजीकेसारख्या कंपन्या स्वतःच नको म्हणतात, कारण आटा निसरडा झाला की तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो. ग्रीस लावायचंच असेल तर ते वीज न वाहणारं डायइलेक्ट्रिक, आणि कॉइलच्या रबरी तोंडाच्या आत, मोहरीएवढं.

किरकोळ, पण रोजच्या

युनिव्हर्सल जॉइंट वाकडा ठेवून जोर लावला की प्लगचं चिनी मातीचं अंग तडकतं. तडा दिसत नाही, पण नंतर मिसिंग सुरू होतं. जॉइंटला इन्सुलेशन टेप गुंडाळून थोडा ताठ करून घ्या.

हातातून खाली पडलेला प्लग लावू नका. हो, नवा असला तरी.

एनजीकेच्या नंबरात शेवटी ११ असेल तर गॅप १.१ मिलिमीटर. डबीतून काढला म्हणून बरोबर असेल असं धरू नका, गेज घाला. मात्र इरिडियमच्या बारीक टोकावर नाण्यासारखं गोल गेज दाबू नका, ते टोक तुटतं.

मिळाला म्हणून भलत्या नंबरचा प्लग घालू नका. एनजीकेत उष्णतेचा आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. दुकानदार "सेमच हाय" म्हणतो तेव्हा त्याला हे विचारून बघा.

वायपरचे हात काढण्याआधी काचेवर त्यांच्या जागी टेप चिकटवा. पावसाळ्यात आठवण काढाल माझी.

आणि गोटी एक्स्टेन्शनवरून सुटून विहिरीतच राहणं हा एक स्वतंत्र छळ आहे. प्लगच्या शेवटच्या फेऱ्याआधी त्या जोडावर टेपचा एक वेढा मारतो, मग गोटी सुटत नाही.

झाल्यावर गाडी बिघडलीय असं वाटलं तर

सगळं झाकण्याआधी इंजिन चालू करून बघा. घाईत असलेली मंडळी वायपर, पत्रा, प्लास्टिक सगळं बसवून चावी फिरवतात आणि मग पुन्हा उकलत बसतात. मिसिंग जाणवलं तर आधी कॉइलचे कनेक्टर बघा, एखादा क्लिक न होता नुसता टेकलेला असतो. ते ठीक असतील तर संशयित कॉइलची त्याच रांगेतल्या दुसऱ्या कॉइलशी अदलाबदल करा. पुढची मागे नको. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, जागेवर राहिला तर प्लग.

मिसिंग नसलं तरी मागचे चार खरंच पेटताहेत का, हे कळत नाही. त्यासाठी मी इंजिन बंद करून पुढच्या एकाच कॉइलचा कनेक्टर काढतो आणि गाडी अर्धा मिनिट नुसती चालू ठेवतो. त्या सिलिंडरचा मागचा प्लग चांगला असेल तर इंजिन जेमतेम कुरकुरतं. मागचा मेलेला असेल तर तीन पायांच्या खाटेसारखं हलतं. बंद करायचं, कनेक्टर लावायचा, पुढचं सिलिंडर. चेक इंजिनचा दिवा लागला तर नंतर स्कॅनरने घालवावा लागतो. जास्त वेळ मात्र चालवू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

पुतण्या आता चाकणला नोकरीला आहे. गेल्या गणपतीत स्वतःची सेकंडहँड सिटी घेऊन आला, तीच, आय-डीएसआय. डिकी उघडली तर टूलबॉक्समध्ये रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. बॅटरीचं मशीनही होतं, ते मी काढून ठेवलं.